झाकणकाकांचा महाल

काकांच्या घरात उघडं असं काही सापडायचं नाही. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, फ्रिजच्या हँडलला काकूंनी विणलेला मोजा, मिक्सरवर टोपडं, पाण्याच्या प्रत्येक पेल्यावर वाटी. बहरीनच्या जिदहफ्स भागातल्या आमच्या बिल्डिंगखाली बाकी सगळ्यांच्या गाड्या धूळ खात उभ्या असायच्या आणि काकांची जुनी गाडी मात्र नाड्या बांधलेल्या खोळीत. ती खोळ काढून, झटकून, घडी घालून डिकीत ठेवेपर्यंत आम्ही ऑफिसात पोचलेलो असायचो. घरी आलेला पाहुणा बोलण्यात रंगला, की काका हळूच उठून त्याच्या चहाच्या कपावर बशी ठेवायचे. "बोला, बोला. तुमचं झालं की प्या," असं म्हणायचे. निम्मे पाहुणे तिथेच गप्प व्हायचे.

बिल्डिंगमधल्या पोरांनी त्यांचं नाव झाकणकाका पाडलं. माझी रिया मराठी सगळं समजायची, पण उत्तर इंग्रजीत द्यायची. तिच्यासाठी ते झाकण अंकल. मला अवघडल्यासारखं व्हायचं. मी एकदा तिला त्यांच्यासमोरच दटावलं, तर काकाच मला म्हणाले, "अगं मीनल, असू दे की. माझा धंदाच तो आहे."

ते खरंच होतं. काका मूळचे वाईचे. पुण्यात आर्किटेक्चर शिकले, पण नव्या इमारतींशी त्यांचं कधी जमलं नाही. आपल्याकडच्या पडक्या किल्ल्यांच्या आणि देवळांच्या चुन्याच्या कामात उमेदीची वर्षं घातली आणि मग जुन्या वास्तूंची कामं घेणाऱ्या एका कंपनीतर्फे बहरीनला आले. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा त्यांच्याकडे एकच काम होतं. उत्तरेच्या किनाऱ्याजवळ, खजुरीच्या बागांमागे एका महालाचे अवशेष होते, ते सांभाळायचे. इराणच्या प्राचीन बादशहांचा अंमल या बेटापर्यंत पोचला होता. त्या काळातला कुणी सुभेदार तिथे राहिला असावा, यापलीकडे काका कसलीही हमी द्यायचे नाहीत.

महाल म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं त्यातलं तिथे काही म्हणता काही नव्हतं. गुडघ्याएवढ्या भिंती, एक बुजलेली विहीर, पाणी खेळवायचे पाट आणि मधल्या दालनाची पांढऱ्या गचाची, म्हणजे चुन्यासारख्या गिलाव्याची, जमीन. गच हा शब्दही इराणातूनच येऊन आपल्या गच्चीत बसला, असं काका सांगायचे. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या बायका एकदा नटूनथटून सहलीला गेल्या होत्या. बसमधून उतरून, उन्हात थोडं चालून एकीने वैतागून विचारलं, "पण महाल कुठाय?" काका म्हणाले, "तुम्ही त्यातच उभ्या आहात. जरा बाजूला होता का?"

त्या जमिनीच्या एका कोपऱ्यात मांजराची पावलं होती. गच ओला असताना एक मांजर आरामात तिरकं चालत गेलेलं, मधे एकदा थबकलेलं, आणि मग कुणीतरी ओरडलं असावं, कारण पुढची पावलं लांब लांब पडलेली. काका प्रत्येकाला तिथे नेऊन उभं करत. "राजा गेला, सुभेदार गेला. मांजर तेवढं राहिलं." रियाने उकिडवं बसून विचारलं, "व्हाय डिडन्ट दे फिक्स इट?" काका म्हणाले, "गवंड्याला मांजर आवडलं असणार." मला वाटतं, काकांनी त्या अख्ख्या महालात मनापासून प्रेम केलं ते त्या पावलांवर. सुभेदाराविषयी ते फार आदराने बोलत नसत.

लोक भारावून जाऊन म्हणायचे, काय हो, इतक्या शतकांनंतरही टिकलंय! यावर काका चिडायचे. "कुणी जपलं म्हणून टिकलं नाही. लोक विसरले म्हणून टिकलं. ज्या भिंती लोकांना दिसल्या त्यांचे दगड घरांना आणि विहिरींना गेले. जी वाळूखाली गेली ती वाचली." पूर्वी कुणीतरी तो महाल खणून उघडा केला होता. उघडणाऱ्यांचं कौतुक झालं आणि ते निघून गेले. पुढे उन्हात, दमट हवेत त्याचं काय होतं हे बघायला कुणी थांबलं नाही. काका म्हणायचे, "उघडायला हौस लागते. झाकायला अक्कल लागते."

दुसरा त्यांचा हट्ट होता डागडुजीचा. पडक्या भिंतीत नवा तुकडा बसवायचा तर तो बोटभर आत बसवायचा, म्हणजे जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे कुणालाही कळावं. बेमालूम काम करणाऱ्याला ते लबाड म्हणायचे. आमच्या बाथरूमची फरशी फुटली तेव्हा मोठ्या उत्साहाने काकांनी ती बदलून दिली. पांढऱ्या भिंतीत एक ढळढळीत पिवळी फरशी! मी म्हटलं, "काका, पांढरी मिळाली नाही का?" ते म्हणाले, "मिळत होती. पण खोटं कशाला बोलायचं?" काकू आतून ओरडल्या, "माझ्या कपाचंही तेच केलंय गं. कान काळा लावलाय." ती पिवळी फरशी अजून आहे. घरमालकाला मी ती बदलू दिलेली नाही.

काकांचं खरं वैर मिठाशी होतं. या बेटाची जमीन खारी, खालचं पाणी खारं, हवाही खारी. गच उघडा राहिला की ते मीठ हळूहळू वर येतं आणि जमिनीचा पापुद्रा ढकलून देतं. म्हणून त्यांना ते दालन पुन्हा झाकून टाकायचं होतं. आधी कापड, त्यावर चाळून, धुऊन, वाळवून घेतलेली वाळू. वर एक मोठं चित्र लावा, खाली काय आहे ते लोकांना सांगा, आणि जमिनीला झोपू द्या, असं त्यांचं म्हणणं. कंपनीचे मोठे साहेब मात्र दालन उघडं ठेवून त्यात रंगीत दिवे सोडायच्या विचारात होते. साहेब जनाबियात व्हिलामध्ये राहायचे. त्यांच्या लॉनवर दिवसभर पाण्याचे फवारे चालायचे, त्यामुळे कोरड्या राहण्यातलं सुख त्यांना समजणं अवघडच होतं. प्रत्येक मीटिंगमधून काका हात हलवत यायचे. "काय म्हणाले?" असं काकूंनी विचारलं, की म्हणायचे, "इंशाल्ला म्हणाले. म्हणजे खलास."

त्याच सुमारास मंडळाने काकांचं व्याख्यान ठेवलं. आमच्याकडे किल्लेवेड्या तरुणांचा एक ग्रुप आहे. इंजिनीअर, ड्रायव्हर, एसीचे मेकॅनिक, सगळे त्यात. गावी असताना सुट्टीच्या दिवशी गडावर जाऊन झाडलोट करायची, टाक्यांतला गाळ काढायचा, तटावरचं रान उपटायचं, असं श्रमदान केलेली ही मुलं. इथे वाळवंटात त्यांचा जीव गुदमरायचा. पुण्याचा निखिल त्यांचा म्होरक्या. काकांवर सगळ्यांचा जीव. त्या दिवशी काका मिठावर इतके रंगून बोलले, की मागे बायकासुद्धा गप्पा मारायच्या थांबल्या. "मीठ हा या महालाचा खरा शत्रू आहे. बाकी सगळे परवडले." पुढे ते असंही म्हणाले होते, की मीठ आत झोपलेलं असतं आणि पाण्याने ते जागं होतं. पण तोवर बटाटेवडे आले होते.

आणि काय चमत्कार, उन्हाळा तोंडावर आला तेव्हा साहेबांनी होकार दिला. दिव्यांचं सामान यायचं लांबलं होतं. तोवर झाका म्हणाले. चाळलेल्या वाळूच्या गोण्या येऊन पडल्या. रविवारी सकाळी काम सुरू करायचं ठरलं. काका लहान मुलासारखे सांगत सुटले, जिना चढताना सांगितलं, लिफ्टमध्ये सांगितलं, किराणावाल्या मल्याळी माणसाला त्याला कळो न कळो सांगितलं. योगायोगाने त्या शुक्रवारी त्यांची साठी होती.

शुक्रवारी निखिलचा मला फोन आला. "ताई, अकराच्या सुमाराला काकांना साइटवर घेऊन या. सरप्राइज आहे, काही बोलू नका." काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच सलमानिया हॉस्पिटलात झालं होतं, त्यामुळे त्यांना मीच नेत-आणत होते. मला वाटलं, केक असेल.

गेटमधून आत शिरलो आणि काका थबकले. तापलेल्या जमिनीवर पाणी पडल्याचा वास येत होता. आपण त्या वासाने खूश होणारी माणसं. काकांच्या तोंडावरचा रंग उडाला.

बाहेर रस्त्यावर पाण्याचा टँकर उभा होता. दालनात दहा-बारा पोरं पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून उभी, हातात खराटे, घासायचे ब्रश, एकाच्या हातात तारेचा ब्रश, एकाच्या हातात पाइप. जमीन नुकत्याच धुतलेल्या दुधाच्या पातेल्यासारखी लखलखत होती. इतक्या वर्षांची करडी पुटं निघून गेली होती. सगळ्यांनी एकदम जल्लोष केला. निखिल घामाघूम, चेहरा आनंदाने फुललेला. "काका, रविवारी झाकणार ना तुम्ही? म्हटलं, झाकायच्या आधी स्वच्छ नको? तुम्हीच म्हणाला होतात ना, मीठ हा शत्रू. पहाटेपासून लागलोय. सगळं मीठ धुऊन काढलं!" चिपळूणचा संदेश टँकर चालवतो. तो पाइप उंचावून ओरडला, "काका, गोडं पाणी आणलंय हो! खारं नाय!"

गेटवरच्या रफीकने त्यांना आत सोडलं होतं. काकांची माणसं आहेत म्हटल्यावर तो बिचारा कशाला अडवतोय.

मी काकांकडे बघत होते. ते खाली जमिनीकडे बघत राहिले, आणि मला वाटलं आता हा माणूस फुटणार. ते पुढे गेले, निखिलच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दमला असाल रे. आधी पाणी प्या सगळ्यांनी." मुलांनी त्यांच्या गळ्यात हार घातला, पेढा भरवला. काकांनी तो खाल्ला. कुणीतरी म्हणालं, ताई, फोटो काढा. सगळे दाटीवाटीने उभे राहायला लागले तसे काका सरकत सरकत कोपऱ्यात गेले आणि पाय थोडे फाकवून उभे राहिले. मला आधी कळलं नाही. मग लक्षात आलं, मांजराच्या पावलांवर कुणाचा पाय पडू नये म्हणून ते तसे उभे होते. फोटोत ते हसत आहेत. तो फोटो मीच ग्रुपवर पाठवला.

मुलं गेल्यावर काका वाळूच्या गोणीवर बसले. म्हणाले, "मीनल, बिल्डिंगमधली सगळी रद्दी गोळा कर." ओल्या जमिनीवर वाळू टाकून चालणार नव्हतं. कागदाचा लगदा करून तो जमिनीवर थापायचा, म्हणजे वर येणारं मीठ तो शोषून घेतो, असा एक उपाय असतो. काकू, मी आणि रिया बादल्यांमध्ये वर्तमानपत्रं भिजवत बसलो. काका गुडघ्यांवर बसून लगदा थापायचे आणि वाळला की काढायचे, पुन्हा नवा थापायचे. आठवड्याभरातच जमिनीवर पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं दिसायला लागलं. मग गच पापडासारखा सुटू लागला. एके दिवशी वाळलेल्या लगद्याबरोबर मांजराचं थबकलेलं पाऊल उचलून आलं. काकांनी ते तळहातावर घेतलं, तर त्याची भुकटी झाली. रिया त्यांच्या शेजारी होती. ती त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्याशी मराठीत बोलली. "काका, रडू नका."

साहेबांना कळायचं ते कळलंच. त्यांनी काकांना बोलावून विचारलं, इथे पाणी कुणी मारलं? मी बाहेर गाडीत बसले होते. काका परत आले, सीटबेल्ट लावला आणि सांगितलं, "मी म्हटलं, मीच धुवायला सांगितलं. गेटही मीच उघडलं."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मला संताप आवरेना. "नावं सांगा की त्यांची! तुम्ही काय केलंत?"

"संरक्षित जागेत बिनपरवानगी शिरले म्हणून केस झाली, तर एकेकाचा व्हिसा जाईल. रफीकचा तर उद्याच. संदेशच्या घरची चूल त्या टँकरवर चालते. मी साठीचा झालो, माझा आज ना उद्या जायचाच होता."

"आणि तुमचं नाव?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पोरांनी प्रेमाने केलं गं. मी असेपर्यंत कुणाला बोलू नकोस."

बाथरूमच्या फरशीपुरतंही खोटं न बोलणारा हा माणूस. त्याने आयुष्यात एकदाच बेमालूम काम केलं, आणि ते स्वतःच्या तोंडाला काळं फासण्याचं. साहेबांनी कॉन्ट्रॅक्ट संपवलं. या धंद्यात माणसं थोडी, बातमी सगळीकडे पोचली. एका जुन्या सहकाऱ्याने त्यांना फोन करून विचारलं म्हणे, की अरे, तू पाणी मारलंस? तू? काका "हो" म्हणाले आणि फोन ठेवला. ज्या माणसाने त्या जमिनीपायी इतकी वर्षं घालवली, त्याला देश सोडायला महिनाभराची मुदत मिळाली. आपल्या लोकांची जीभ तर काय विचारता! मंडळात कुजबुज झाली, म्हातारपणी डोकं चालेनासं झालं, एवढा अनुभवी माणूस आणि गचावर पाणी मारतो. हे बोलणाऱ्यांत त्या पोरांपैकी कुणी नव्हतं. ती पोरं काहीच बोलत नव्हती. मला वाटायचं, त्यांना अजून उमगलेलंच नाही.

निरोपसमारंभात शाल-श्रीफळ झालं. निखिल भाषणाला उभा राहिला आणि दोन वाक्यांतच भाषण सोडून पुढे आला. काकांच्या पाया पडला आणि तिथेच हमसाहमशी रडला. मला तेव्हा त्या मुलाचं कौतुक वाटलं. काकांनी त्याला उठवलं, पाठीवर थोपटलं आणि शालीची घडी घालून पिशवीत ठेवली. विमानतळावर जाताना गाडीची खोळ त्यांनी मला दिली. मी ती कधी वापरली नाही. मला तेवढा वेळ नसतो.

वर्ष व्हायच्या आत काका वाईत वारले. काकूंनी फोनवर सांगितलं, की शेवटी शेवटी सारखं विचारायचे, दालनावर वाळू टाकली का. काकूंनी त्यांना टाकली म्हणून सांगून टाकलं होतं. प्रत्यक्षात साहेबांनी तिथे नवी पांढरी जमीन ओतून घेतली आहे. ती भिंतींना अगदी चिकटून बसवलीय, बोटभरही आत नाही. रात्री तिच्यावर निळे-जांभळे दिवे फिरतात. लोक तिचे फोटो काढतात आणि म्हणतात, इतक्या शतकांनंतरही कसं टिकलंय!

मंडळाने शोकसभा घेतली. काकांवर एक छान ओळ लिहून निखिलने मोठ्या पडद्यावर फोटो लावला होता. हार घातलेले काका हसतायत. फोटो कुठला हे मी लगेच ओळखलं, कारण मीच तो काढला होता. पण पडद्यावर काका एकटेच होते, तेही कमरेपर्यंत. दाटीवाटीने उभी असलेली पोरं नव्हती. खराटे नव्हते, पाइप नव्हता, मागचा टँकर नव्हता, ओली जमीन नव्हती. कुणीतरी अगदी काळजीपूर्वक, कडेकडेने सगळं कापून टाकलं होतं. मी मागे वळून निखिलकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. म्हणजे पोरांना सगळं ठाऊक होतं. काका शाल घेऊन विमानात चढले तेव्हाही ठाऊक होतं.

अख्खा फोटो माझ्या फोनमध्ये आहे. त्यात सगळे आहेत, हातातल्या ब्रशांसकट. आणि खाली काकांच्या दोन पायांच्या मधे, पाण्याच्या पातळ थराखाली, त्या मांजराची पावलं स्पष्ट दिसतात.